मालोजी कराळे यांची नावड

कर्जतच्या आमच्या संगीत मंडळात कार्यक्रम संपला की चहा होतो, आणि चहाच्या वेळी अध्यक्ष गुप्ते वकील एकेकाला गाठून विचारतात, "कसं वाटलं?" याची उत्तरं ठरलेली असतात. कुणी "अप्रतिम" म्हणतं, कुणी डोळे मिटून नुसती मान हलवतं. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सतार-तबल्याची मैफल झाली आणि गुप्त्यांनी हा प्रश्न मालोजी कराळ्यांना विचारला. मालोजीकाका म्हणाले, "चांगलंच झालं. त्ये शेवटचं नसतं तर आणखी चांगलं झालं असतं."

"शेवटचं म्हणजे?"

"त्ये सवाल-जवाब."

सवाल-जवाब म्हणजे सतारीनं एक तुकडा वाजवायचा आणि तबल्यानं तो जसाच्या तसा वाजवून दाखवायचा. मग तुकडे लहान लहान होत जातात, वेग वाढत जातो आणि शेवटी दोघं मिळून असे सुटतात की बसलेला माणूस आपोआप उभा राहतो. त्या दिवशी सगळं सभागृह उभं राहिलं होतं. मीही उभी होते. टाळ्या वाजवून माझे तळवे लाल झाले होते, आणि हा माणूस म्हणत होता की नेमकं तेच नको होतं.

मी म्हणाले, "काका, अहो तुम्ही पॉवर हाउसमधले! तुम्हाला तर वेग आवडायला हवा."

सगळे हसले. गुप्ते वकिलांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. "शास्त्रीय संगीत कळायला वेळ लागतो, मालोजीराव. येत राहा."

काका नऊ वर्षं येत होते. तेही आमच्याबरोबर हसले, कप ठेवला आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

मी प्राची. शाळेत विज्ञान शिकवते आणि मंडळाची सचिव आहे. सचिव म्हणजे सभागृहाच्या किल्ल्या, माइकची वायर आणि कलाकारांना वेळेवर आणणं-पोचवणं. त्या दिवसानंतर माझ्या लक्षात आलं की काका आता दाराजवळ बसतात आणि वादकांनी लय वाढवली की हळूच उठून जातात. "त्यांची भिवपुरीची गाडी असेल," असं मीच कुणाला तरी सांगितलंही. खरं तर ते मोटारसायकलवर यायचे. सभागृहाबाहेर शाळेच्या मैदानात गाडीला टेकून उभे राहायचे, टाळ्या थांबेपर्यंत. मग परत आत येऊन सतरंज्यांच्या घड्या घालायला हात लावायचे. सतरंज्यांना हा माणूस नेहमी हजर कसा, हे मला तेव्हा जुळवता आलं नाही.

काका भिवपुरीजवळच्या गावचे. घरची भातशेती. आयटीआय करून भिवपुरीच्या वीजकेंद्रात लागले आणि चौतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. गाणं त्यांना घरातून मिळालं नाही, शाळेतून नाही. कंट्रोल रूममध्ये त्यांच्या वरच्या साहेबांनी एक ट्रान्झिस्टर ठेवला होता आणि दुपारी त्यावर शास्त्रीय संगीत लागायचं. बंद करा म्हणायची सोय नव्हती. "पहिली दोन वर्षं मला वाटायचं, कुनाच्या तरी पोटात दुखतंय," काका सांगतात. "मंग एका दुपारी तबल्याची सम बरोब्बर डोक्यात पडली. मी खुर्चीवरनं उठलोच. सायेब म्हणाले, काय झालं, ट्रिप झालं काय? मी म्हणालो, नाय सायेब, लागलं." तिथून पुढे तीसहून अधिक वर्षं ते ऐकत आले. शिकले काही नाहीत, पुस्तकं वाचली नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. बोलायला कुणी नव्हतंच. बायको, शकूकाकी, रेडिओ लागला की गोठ्यात निघून जायची.

निवृत्तीनंतर काकांनी एक व्हॅन घेतली आणि शनिवार-रविवारी कळंबकडच्या रिसॉर्टांवर येणाऱ्या पाहुण्यांची ने-आण सुरू केली. पुढच्या जानेवारीत आमच्या नेहमीच्या ड्रायव्हरनं मेहुण्याच्या लग्नासाठी ऐनवेळी सुट्टी घेतली, तेव्हा मी काकांना फोन केला. पंडित मुकुंद आरोंदेकर पुण्याहून बसनं खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत येणार होते. तिथून त्यांना कर्जतला आणायचं होतं. आरोंदेकर म्हणजे तबल्यातलं मोठं नाव, वय चौऱ्याहत्तर, आणि स्वभावानं तिरसट असं ऐकलेलं. म्हणून मीही बरोबर गेले.

पंडितजी उतरले. अंगात साधा शर्ट, डोक्यावर कानटोपी. तबल्याची पिशवी त्यांनी कुणाला धरू दिली नाही. पुढच्या सीटवर बसले आणि डोळे मिटून घेतले. खोपोली मागे पडली तरी एक शब्द नाही. पळसदरीजवळ आल्यावर डोळे उघडून म्हणाले, "चहा मिळेल का?"

टपरीवर थांबलो. समोर धरणाचं पाणी दिसत होतं, थंडी छान होती. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर पंडितजींनी काकांकडे पाहिलं.

"तुम्ही ऐकायला येता, की नुसते सोडायला?"

"येतो की. धा वर्षं झाली."

"मग काय आवडतं तुम्हाला?"

काकांनी ग्लास खाली ठेवला. "पंडितजी, आवडतं ते तुमाला समदेच सांगत असतील. नाय आवडत ते सांगू काय?"

मी घाईनं म्हणाले, "काका, उशीर होतोय."

"सांगू द्या हो," पंडितजी म्हणाले.

"सवाल-जवाब."

पंडितजींचा ग्लास ओठांशी थांबला. संध्याकाळचा कार्यक्रम गेला, असं मला वाटलं. हा माणूस इथूनच उलटी बस धरणार आणि गुप्ते वकील मला शेवटपर्यंत ऐकवणार.

"का नाही आवडत?" पंडितजींनी विचारलं.

"आता बगा. सतार सुरात बोलती. तबल्यापाशी सूर किती? मंग तबला काय करतो, सतारीचे नुसते ठोके उचलतो. सूर ऱ्हायला बाजूला. त्यो जवाब कसा झाला? ह्या बाई शाळेत शिकवत्यात. त्यांनी पोराला विचारलं, पाणी किती अंशाला उकळतं, आन् पोरगं म्हणालं, पाणी किती अंशाला उकळतं. तर बाई त्याला मार्क देतील काय?"

पंडितजींनी ग्लास बाकावर ठेवला. "पुन्हा सांगा."

"काय?"

"ते पाण्याचं. पुन्हा सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं, जरा चाचरत. आणि पंडितजी हसायला लागले. कानटोपी काढून मांडीवर आपटत हसले. टपरीवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"मालोजीराव," डोळे पुसत ते म्हणाले, "मी पन्नास वर्षं वाजवतोय. त्यातली पंचेचाळीस वर्षं हे करतोय, आणि पंचेचाळीस वर्षं मला हे आवडत नाही. आमचे गुरुजी याला माकडखेळ म्हणायचे. त्यांच्यासमोर माझी टाप नव्हती. ते गेले आणि एका मैफलीत सतारवाल्यानं न विचारताच सुरू केलं. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. झालं, तेव्हापासून हे गळ्यात पडलं. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, मग नका वाजवू. बाहेर कुणाला सांगू? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचे हात थकले."

 काका हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, माजाच कान कच्चा हाय."

"कच्चा? अहो, जे कळायला मला गुरूच्या घरी पाणी भरावं लागलं, ते तुम्हाला खुर्चीत बसून कळलं!"

पळसदरीपासून कर्जत किती लांब आहे? पण त्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला. काका गाडी चालवतच नव्हते, गाडी आपली रस्त्यावरून घरंगळत होती. दोघं बोलत होते. सतारीची तार मध्येच जुळवायला थांबणं बरं की वाईट, समेवर मान किती हलवावी, माइक तबल्याला किती जवळ. मी मागच्या सीटवर तबल्याशेजारी बसून ऐकत होते आणि माझा तो पॉवर हाउसचा विनोद राहून राहून आठवत होता.

संध्याकाळी सभागृह भरलं. त्या दिवशी काका दाराशी बसले नाहीत, तिसऱ्या रांगेत मध्यभागी बसले. मैफल सुंदर झाली. शेवटाला सतारवाल्यानं एक तुकडा वाजवून तबल्याकडे पाहिलं. आता पंडितजी काय करतात म्हणून मी पुढे झुकून बघू लागले. पंडितजींनी तो तुकडा उचलला. पुढचा उचलला. त्याच्या पुढचा असा उचलला की लोक ओरडायला लागले. पंधरा मिनिटं चाललं ते. आमच्या मंडळाच्या इतिहासातला सगळ्यात लांब सवाल-जवाब असेल. सगळे उभे राहिले, आणि मालोजीकाका एकटे बसून राहिले, बसमध्ये कुणी जागा बळकावल्यासारखा चेहरा करून.

पंडितजी रात्री गुप्त्यांकडे राहिले. सोमवारी सकाळी त्यांना टोलनाक्यावर सोडायला आम्ही दोघं निघालो. काकांनी पळसदरीपर्यंत तोंड उघडलं नाही. तिथं मात्र ब्रेक दाबला.

"पंडितजी, काल ह्या जागेवर तुमी काय म्हणालात आन् संध्याकाळी काय केलंत?"

पंडितजी जराही ओशाळले नाहीत. "दोन तास माझ्या मनासारखं वाजवलं की नाही? तेवढी पंधरा मिनिटं लोकांची."

"मंग आवडत नाय म्हणालात, त्ये खोटं?"

"ते खरं. आणि ते मी चांगलं वाजवतो, हेही खरं. मला दुधी भोपळा आवडत नाही, पण आमच्या घरी भोपळ्याची भाजी मीच करतो. लोक बोटं चाटतात."

काकांनी गाडी पुन्हा सुरू केली. मग त्यांच्या मिशा हलल्या. खोपोली येईपर्यंत दोघं भोपळ्यावर बोलत होते. उतरताना पंडितजींनी स्वतःहून फोन नंबर दिला आणि तबल्याची पिशवी बसपर्यंत न्यायला काकांच्या हातात दिली.

त्यानंतर कलाकारांना आणायचं काम काकांनी कुणाला करू दिलं नाही. आणि गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ते तोच प्रश्न विचारू लागले: तुमाला काय आवडत नाय? मला पहिल्यांदा फार संकोच वाटायचा. पण आश्चर्य असं की एकही कलाकार रागावला नाही. उलट त्यांना कुणी हे कधी विचारलेलंच नसायचं. नाशिकच्या एका संवादिनीवादकांनी सांगितलं की गायकाच्या प्रत्येक तानेमागे पेटीनं धावणं त्यांना सोसत नाही, आणि ते स्वतः आयुष्यभर तेच करत आले आहेत. एका तरुण बासरीवाल्यानं शपथेवर सांगितलं की त्याला फार लांब श्वासाच्या करामती आवडत नाहीत. "लोक श्वास मोजतात, सूर ऐकत नाहीत," तो म्हणाला.

सगळ्यात रंगल्या त्या नलिनी चाफेकर. पुण्याच्या मोठ्या गायिका. काकांनी विचारायचा अवकाश, त्या म्हणाल्या, "सरगम. गाता गाता मध्येच सारेगम म्हणायचं. मिठाई खायला द्यायची सोडून कृती वाचून दाखवायची, तसं वाटतं मला." काकांनी टाळीच मागितली. सरगम त्यांच्याही यादीत वरच्या नंबरावर होती. मग त्यांनी नलिनीताईंना विचारलं, "तुमचा षड्ज पेटीची पांढरी पाच ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या ट्रान्सफॉर्मरचा सूर तुमच्यापेक्षा जरासा चढा. पर लोड वाढून फ्रिक्वेन्सी खाली आली, का बरोब्बर पांढरी पाच. चौतीस वर्षं ऐकलाय."

नलिनीताईंनी तिथल्या तिथे सा लावून दाखवला आणि काकांनी तोंड मिटून तो ट्रान्सफॉर्मर लावून दाखवला. खालापूर ते कर्जत व्हॅनमध्ये तंबोरा वाजल्यासारखं झालं होतं.

या सगळ्यानं काका मात्र बदलले. चहाच्या वेळी आता ते मध्यभागी उभे राहायचे. "सरगम नलिनीताईंनाबी पसंत नाय." "पेटीचं म्हणाल तर नाशिकच्या त्या पंडितांचंबी तेच म्हणणं." "आरोंदेकर पंडितजी मला परवा फोनवर म्हणाले..." गुप्ते वकिलांना कोर्टात समोरचा वकील दाखले देतो तसं वाटत असावं. ते कप घेऊन दुसरीकडे सरकायचे. मीही वैतागले होते. एकदा काकांच्या घरी पावसाळ्यातल्या कार्यक्रमाचं सांगायला गेले तेव्हा शकूकाकी भाकऱ्या थापत होत्या. मला म्हणाल्या, "तुमच्या मंडळानं ह्यांना लई बळ दिलंय बरं का बाई. काल मला म्हणाले, वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट नको. मी म्हणाले, आता त्याला कुठला पंडित मिळाला गं बाई?"

काकांना भानावर आणलं ते नलिनीताईंनीच. दुसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा काकांनी मोठ्या आनंदानं विचारलं, "ताई, आज मारवा गाल काय?"

मारवा हा काकांचा जीव की प्राण. संध्याकाळी दिवस मावळतानाचा हा राग. त्यात मुख्य सूर, म्हणजे षड्ज, सारखा टाळत राहतात. ड्यूटी सुटल्यावर घरी चालत येताना काकांच्या डोक्यात तोच असायचा.

नलिनीताई म्हणाल्या, "मारवा मला मुळीच आवडत नाही."

गाडी जराशी डावीकडे गेली.

"मारवा? आवडत नाय?"

"नाही. षड्जावर नीट बसूच देत नाहीत. कुणाच्या घरी जावं आणि त्यानं तास-दोन तास दारातच उभं ठेवावं, तसं होतं मला. गाते मी, शिकवतेही. पण आवड म्हणाल तर नाही."

काकांनी गाडी सरळ केली. ताईंना उतरवून परत आल्यावर मला म्हणाले, "बाई, सरगमचं पटत होतं. मला वाटलं, माणूस आपला हाय. आन् मारवा नाय आवडत म्हणजे काय?" दिवसभर ते सतरंज्या पसरत, खुर्च्या सरकवत पुटपुटत होते. संध्याकाळी ताई गायला बसल्या. दुसराच राग गायल्या, आणि असं गायल्या की मी काकांकडे पाहिलं तर ते डोळे पुसत होते. कार्यक्रमानंतर ते त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मारव्याचं तुमचं चुकतंय. पर बाकी तुमी म्हणाल ते खरं."

"तुम्ही मला मारवा ऐकवा कधीतरी," ताई म्हणाल्या. "ट्रान्सफॉर्मरवर."

दोघंही खूप हसले. त्यानंतर काकांनी पंडितांचे दाखले देणं जवळजवळ सोडलं. आवडत नाही ते आवडत नाही म्हणायचे, पण स्वतःच्या नावावर.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी मंडळाकडे एकच गोष्ट मागितली. एक मैफल अशी व्हावी की ज्यात शेवटी वेग वाढवायचा नाही. संथ सुरू करायचं आणि संथच संपवायचं. आरोंदेकर पंडितजी तयार होते आणि आपल्याबरोबर एक सतारवादकही आणणार होते. गुप्ते म्हणाले, "लोक येणार नाहीत." काका म्हणाले, "नाय आले तर नाय आले." मी पत्रकावर तसं स्पष्ट छापलं. गुप्त्यांचं म्हणणं खरं ठरलं. एरवी दीडशे माणसं येतात, त्या दिवशी एकतीस आली. त्यातल्या एक शकूकाकी होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच मैफलीला. नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मी स्वतःविषयी सांगते. पहिला अर्धा तास मी घड्याळ बघत होते. मग कधीतरी घड्याळ सुटलं. तबला नुसता ठेका धरून होता, तेच बोल पुन्हा पुन्हा, पण प्रत्येक वेळी बोलांमधली जागा थोडी वेगळी भासत होती. इतकी वर्षं मी तबला शेवटच्या पंधरा मिनिटांत ऐकत होते आणि बाकीचा वेळ त्याची वाट बघत होते, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. पंडितजींचे डोळे मिटलेले होते. चेहरा एखादं काम मनासारखं चाललेल्या माणसाचा. सतार हळूहळू कमी होत गेली, एक सूर उरला, तोही विरला. दोघांनी हात मांडीवर ठेवले.

कुणीच टाळी वाजवली नाही. कारण संपलं हे कुणाला कळलंच नाही. आम्ही एकतीसजण बसून राहिलो, ते दोघं आमच्याकडे बघत राहिले. अर्धं मिनिट तरी गेलं असेल. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून शकूकाकींचा आवाज आला, "आवो, ते सवाल-जवाब ऱ्हायलं की!"

सगळं सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं पंडितजी. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. नंतर कळलं की काकींनी शेजारणीच्या फोनवर ते पाहिलं होतं आणि तेवढ्याचसाठी त्या आल्या होत्या. पंडितजींनी मंचावरूनच हात जोडले. "वहिनी, ह्यांनी नको म्हणून सांगितलंय."

"ह्यांचं काय ऐकता तुमी?" काकी म्हणाल्या. "ह्यांना काय बी आवडत नाय!"

मग टाळ्या झाल्या, त्या भरपूर झाल्या. चहाच्या वेळी गुप्ते वकील माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "प्राचीताई, बाहेर बोलू नका, पण मला तराणा कधीच आवडला नाही. नुसतं तोम तनन काय." मी त्यांना म्हटलं, हे काकांना सांगा. ते गेले आणि सांगितलं. काकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग तराण्याची बाजू मांडायला सुरुवात केली, कारण तराणा काकांना फार आवडतो.

मी त्या दिवशी सतरंज्यांची घडी घालताना काकांना म्हणाले, "काका, मी तेव्हा तुम्हाला हसले होते. पॉवर हाउसवरून. मला ते लागून राहिलंय."

त्यांनी सतरंजीचं दुसरं टोक धरलं होतं. "कवा?" म्हणाले. "मला काय याद नाय."

त्यांना आठवत होतं. सतरंजीचं टोक माझ्या टोकाशी आणून जुळवताना त्यांनी वर पाहिलं नाही, तेवढ्यावरून कळलं.

"तुमाला अजून आवडतो काय, सवाल-जवाब?" त्यांनी विचारलं.

"आवडतो," मी म्हणाले.

"मंग आवडू द्या. पर मधलंबी ऐका."

मंडळाचे कार्यक्रम आता पूर्वीसारखेच होतात, शेवटच्या वेगासकट. वर्षातून एक मैफल मात्र काकांच्या पद्धतीची होते. ती आता रीतच पडली आहे. आरोंदेकर पंडितजींचा आणि काकांचा दर रविवारी सकाळी फोन असतो. त्यांचं सवाल-जवाबाचं बोलून केव्हाच झालं. हल्ली तंबोऱ्याचं मशीन वापरावं की नाही यावर भांडण आहे. पंडितजी म्हणतात वापरावं, वाहून नेण्याचा त्रास वाचतो. काका म्हणतात, चौतीस वर्षं मशीनचा सूर ऐकला, आता बास.

येत्या शनिवारी पुण्यात पंडितजींच्या शिष्यांचा कार्यक्रम आहे. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलंय. काका, शकूकाकी, मी आणि गुप्ते वकील असे चौघं व्हॅननं जाणार आहोत. दुपारी एकला निघायचं ठरलंय. पुढे कोण बसणार यावरून काकी आणि वकिलांची आत्तापासूनच बाचाबाची चालू आहे, आणि काकींनी वाटेत खायला भोपळ्याचे घारगे करायचं ठरवलंय.